जुन्या स्विमिंग पूलचं आतलं अस्तर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुळशी, लोणावळा, कर्जत या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी बांधलेले सोसायट्यांचे आणि फार्महाउसचे पूल आता एकेक करून दुरुस्तीला येऊ लागले आहेत. या कामांवर देखरेख करताना तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. इथे फक्त जमिनीत बांधलेल्या आरसीसी पूलबद्दल लिहिलं आहे. पार्किंगच्या स्लॅबवर बसवलेल्या पूलचं दुखणं थोडं वेगळं असतं, तिकडे शिरत नाही.

सगळं अस्तर बदलायला झालंय की डागडुजीवर भागेल, हे कसं ओळखायचं?

पूल रिकामा झाला की एक स्क्रूड्रायव्हर आणि खडू घेऊन आत उतरा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टाइल ठोकत चला. नीट चिकटलेली टाइल खणखणीत वाजते, सुटलेली ‘बद्द’ वाजते. बद्द वाजली की खडूनं फुली मारा. तासाभरात पूलचा नकाशा समोर येतो. फुल्या इकडे-तिकडे विखुरलेल्या असतील तर तेवढे भाग काढून भरता येतात. पण पाण्याच्या रेषेखालून सलग पट्टा जात असेल, कोपरे भरले असतील, किंवा तळाला उतार सुरू होतो तिथे फुल्यांची गर्दी असेल, तर एक टाइल बसवताना शेजारच्या चार हलणार. अशा वेळी पूर्ण काढलेलं बरं. नाहीतर दरवर्षी मे महिन्यात गवंडी शोधत बसायचं.

टाइलच्या सांध्यातून तपकिरी ओघळ येत असेल तर आतली सळई गंजते आहे. मग फुल्या चार असोत की चारशे, तो भाग उघडावाच लागतो.

टाइल सगळ्या भरीव, फक्त सांधे झिजलेले आणि काळे पडलेले, असंही बऱ्याचदा निघतं. तसं असेल तर जुनं ग्राउट (सांध्यात भरलेला मसाला) खरवडून एपॉक्सी ग्राउट भरा आणि विषय संपवा. हे काम किचकट, पण खर्च पूर्ण कामाच्या पासंगालाही पुरत नाही. कंत्राटदार हा पर्याय स्वतःहून सुचवत नाहीत. का, ते तुम्हाला कळेलच.

पाणी रोज कमी होतं. गळती आहे की उन्हानं उडतं?

बादली चाचणी करा. बादलीत पूलचंच पाणी भरा, ती पूलच्या पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवा, आणि बादलीच्या आतली पातळी व बाहेरची पूलची पातळी अशा दोन खुणा करा. चोवीस तासांनी बघा. ऊन-वारा दोघांनाही सारखाच लागतो. म्हणून पूल बादलीपेक्षा जास्त उतरला असेल तर तेवढी गळती. १० बाय ५ मीटरच्या पूलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे ५०० लिटर, हे लक्षात असू द्या. ‘बोटभरच तर कमी होतंय’ म्हणणाऱ्यांना हा आकडा ऐकवायचा.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असताना पाणी जास्त जात असेल तर संशय टाकीवर नाही, परतीच्या पाइपवर. पाणी एका ठरावीक पातळीला येऊन थांबत असेल तर नेमक्या त्या उंचीला काय आहे ते पाहा: स्किमरचं (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीचं) तोंड, इनलेट (पाणी परत येतं ते भोक), की दिव्याची खोबण. दिव्याच्या वायरचा कंड्युट, म्हणजे वायर जाते ती नळी, हा जुना चोर आहे. अख्ख्या टाइल उखडून नव्या बसवल्या आणि गळती तशीच राहिली, असं झालेली सोसायटी मी पाहिली आहे. पाणी कंड्युटमधून जात होतं.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

दिवाळीनंतर काढावं आणि मार्चच्या आत संपवावं. थंडीत पोहणारे कमी असतात हे एक कारण, पण मुख्य कारण जमिनीतलं पाणी.

भरलेल्या पूलमध्ये आतल्या पाण्याचं वजन तळाला दाबून ठेवतं. पूल रिकामा केला आणि भोवतालच्या जमिनीत पाणी भरलेलं असेल, तर तेच पाणी खालून तळ उचलायला लागतं. हिशेब सोपा आहे. दीड मीटर उंचीचं पाणी दर चौरस मीटरला दीड टनाचा दाब देतं. १५० मिमी जाडीच्या आरसीसी तळाचं वजन चौरस मीटरला जेमतेम पावणेचारशे किलो. भिंतींचं वजन आणि बाजूच्या मातीची पकड थोडी मदत करते, पण तेवढ्यावर विसंबायचं नसतं.

मुळशीकडच्या एका फार्महाउसवर ऑगस्टमध्ये मालकांनी गणपतीला पाहुणे येणार म्हणून पूल साफ करायला रिकामा केला. रात्रभर पाऊस लागला. सकाळी उथळ बाजूचं कोपिंग, म्हणजे काठावर बसवलेली पट्टी, शेजारच्या फरशीपेक्षा चार बोटं वर आलेलं. मला बोलावलं तेव्हा माळी फरशीच्या फटीत हात घालून दाखवत होता, अख्खा पंजा आत जात होता. एकदा उचललेला पूल पुन्हा खाली बसत नाही, कारण खालच्या पोकळीत तोवर माती आणि गाळ सरकलेला असतो. तो पूल शेवटी तोडावा लागला.

तेव्हा पावसाळ्यात आणि पाऊस थांबल्यावर निदान दोन महिने पूल पूर्ण रिकामा करू नका. नंतरही खात्री करून घ्या. पूलशेजारी त्याच्या तळापेक्षा फूटभर खोल जाईल असा खड्डा घ्या, त्यात भोकं पाडलेला सहा इंची पीव्हीसी पाइप उभा करा आणि भोवती खडी भरा. दोरीला दगड बांधून आत सोडला की पाणी किती खोल आहे ते कळतं. पाणी तळाच्या वर असेल तर याच पाइपमधून छोट्या पंपानं उपसत राहायचं. काही पूलच्या मुख्य ड्रेनमध्ये रिलीफ व्हॉल्व्ह असतो, जो बाहेरचा दाब वाढला की उघडून पाणी आत घेतो. तो वीस वर्षांत कुणी उघडून पाहिलेला नसतो आणि बहुतेक वेळा चिकटून बसलेला असतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

जुन्या टाइलवरच नव्या टाइल बसवल्या तर? तोडफोड वाचेल ना?

वाचेल. पण नवी टाइल जुनीला धरणार, जुनी जुन्या मसाल्याला. तो मसाला सुटायला लागला म्हणूनच आपण इथवर आलो. शिवाय गळतीची जागा कायमची झाकली जाते. एकही फुली नाही आणि गळती शून्य, अशा पूलमध्ये निव्वळ रंग आवडत नाही म्हणून करायचं असेल तरच विचार करा. असा जुना पूल माझ्या तरी पाहण्यात नाही.

टाइल काढल्यावर खाली काय काय करावं लागतं?

खरं काम इथे सुरू होतं, आणि पैसेही इथेच घालायचे. काम बिघडतं ते नेमकं या टप्प्यात, कारण पाणी भरल्यावर यातलं काहीच दिसत नाही.

टाइलबरोबर पोकळ गिलावाही काढा. पोकळ किती, हे पुन्हा ठोकूनच कळतं. पुण्याकडच्या जुन्या पूलच्या तळाला अनेकदा विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि मसाल्याचा थर) निघतो. तो मी काढायलाच लावतो. गच्चीवर ठीक असलेला कोबा पूलमध्ये स्पंजासारखा वागतो: पाणी एका जागी शिरतं, कोब्यातून फिरतं आणि भलतीकडेच बाहेर पडतं. कोबा काढल्यावर पूल चार-पाच इंचांनी आणखी खोल होतो. तळ भरून घेतला नाही तर काठावरचे खोलीचे आकडे बदलावे लागतात, आणि ते लहान मुलांच्या बाजूला विसरून चालत नाही.

काँक्रीट उघडं पडलं की गंजक्या सळया मोकळ्या करायच्या. सळईच्या मागे बोट जाईल एवढं काँक्रीट काढायचं, तारेच्या ब्रशनं किंवा सँडब्लास्टनं धातू चकाकेपर्यंत घासायचा, गंजरोधक लावायचं आणि मगच पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट. नुसती समोरची बाजू घासून वर रंग मारला तर सळई मागून गंजत राहते.

भेगांच्या बाबतीत घाई नको. भेग अजून वाढते आहे की थांबली, हे आधी कळायला हवं. जुनी युक्ती आहे: भेगेवर आडवी काचेची पट्टी पीओपीनं चिकटवायची, तारीख लिहायची, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची रेघ मारायची. पट्टी तडकली की भेग जिवंत आहे. थांबलेली भेग एपॉक्सी इंजेक्शननं सांधता येते. पाणी झिरपणाऱ्या किंवा हलणाऱ्या भेगेला लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन लागतं. काळ्या मातीतल्या पूलमध्ये भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. तिथे आधी पूलभोवतीच्या पाण्याचा निचरा नीट करा, नाहीतर इंजेक्शनचे पैसे मातीत जातील.

भिंतीतून पाइप जिथे बाहेर पडतो ती प्रत्येक जागा फोडून न आकसणाऱ्या ग्राउटनं पुन्हा भरायची. काँक्रीट पीव्हीसीला घट्ट धरत नाही, गळती बहुतेकदा त्याच गोल फटीतून होते.

वॉटरप्रूफिंग कोणतं?

सिमेंटच्या कुळातलं, पावडर आणि पॉलिमरचं द्रव मिसळून होणारं दोन घटकांचं कोटिंग. बिटुमेन किंवा पीयूचा पापुद्रा आतून लावला की बाहेरचं पाणी त्याला फुगवून सोडवू शकतं, आणि टाइलचं ॲडेसिव्हही त्यावर भरवशानं धरत नाही.

भिंत आणि तळ जुळतात त्या कोपऱ्यात आधी गोलाकार वाटा मारून घ्या आणि तिथे फायबरची जाळी कोटिंगमध्ये दाबा. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, दुसरा उभा. जमल्यास पहिला हात करड्या रंगाचा आणि दुसरा पांढरा घ्या. कुठे चुकलंय ते लांबूनही दिसतं आणि ‘दोन हात मारले साहेब’ या वाक्याचा पुरावाही मिळतो.

मग टाइल लावायच्या आधी पूल भरून चाचणी घ्या. कोटिंगला कंपनीनं सांगितलेले दिवस द्या, पूल भरा, काँक्रीट आणि गिलावा पाणी पिऊन घेतील म्हणून काही दिवस थांबा, मग खूण करून आठवडाभर बादली शेजारी ठेवून मोजा. ‘टाइल लावल्यावर एकदमच टेस्ट करू’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. टाइल पाणी अडवण्यासाठी नसते. पाणी अडवतं ते काँक्रीट आणि कोटिंग.

टाइल पांढऱ्या सिमेंटवर बसवल्या तर स्वस्त पडतं का?

आज पडतं. मागे एका पूलमध्ये खोल बाजूच्या मोठ्या टाइल निघत होत्या. एक अलगद उचलून उलटी केली तर मागे मसाल्याचे पाच लाडू: चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. बाकी सगळीकडे पोकळी, त्यात पाणी, आणि त्या पाण्याला कुजका वास. पूलमध्ये टाइलच्या मागे पोकळी राहताच कामा नये. दात्याच्या थापीनं ॲडेसिव्ह सलग ओढायचं, टाइल दाबायची, आणि दिवसातून दोन-तीन वेळा ताजी लावलेली एखादी टाइल काढून मागे पूर्ण माखली आहे का ते पाहायचं. गवंड्याला राग येतो, येऊ द्या. ॲडेसिव्हच्या गोणीवर भारतीय मानक आयएस १५४७७ चा उल्लेख शोधा, आणि ते पाण्याखाली चालतं असं कंपनीकडून लेखी घ्या.

ग्लास मोझॅक घ्यावं की सिरॅमिक?

दोन्ही टिकतात. दुकानात न कळणारा फरक ग्राउटमध्ये आहे. २० बाय २० मिमीचं, ४ मिमी जाडीचं मोझॅक २ मिमी सांध्यानं बसवलं तर चौरस मीटरला सुमारे सव्वा किलो एपॉक्सी ग्राउट लागतं. ३०० बाय ३०० मिमीची, ८ मिमी जाडीची टाइल ३ मिमी सांध्यानं बसवली तर पाव किलो पुरतं. म्हणजे पाचपट फरक, आणि एपॉक्सी ग्राउट स्वस्त नसतं. उलट मोझॅक वळणावर, पायऱ्यांवर आणि वाट्यावर सहज बसतं. तिथे मोठी टाइल कापून कापून गवंडी रडकुंडीला येतो.

मोझॅकचा तुकडा उलटा करून पाहा. मागे जाळी पाण्यात विरघळणाऱ्या गोंदानं चिकटवली असेल तर पूलमध्ये तो गोंद सुटतो आणि टाइल हातात येते. एक तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी उत्तर मिळेल. समोरून कागद लावलेलं मोझॅक सर्वांत निर्धोक, कारण मागची पूर्ण काच ॲडेसिव्हला भिडते.

रंगाबद्दल माझा हट्ट आहे: फिकाच घ्या. गडद निळा किंवा काळा पूल फोटोत रिसॉर्टसारखा दिसतो, पण तळाशी गेलेलं मूल त्यात पटकन दिसत नाही. पायऱ्यांच्या कडा मात्र गडद हव्यात. आणि उथळ बाजूला व पायऱ्यांवर घसरणार नाही अशी खरबरीत टाइल.

एपॉक्सी रंग, पीव्हीसी लायनर, एफआरपी, हे पर्याय कसे?

एपॉक्सी रंग उन्हानं खडूसारखा सुटू लागतो, पोहून आलेल्या माणसाच्या तळव्यांना पांढरं लागतं. काही वर्षांत पुन्हा मारावा लागतो, आणि काँक्रीट पूर्ण कोरडं नसेल तर फोड येतात. बजेटच नसेल तर ठीक.

जाळीदार पीव्हीसी मेम्ब्रेन, साधारण दीड मिमी जाडीचं, गरम हवेनं सांधे जोडून बसवतात. बारीक भेगा पडणाऱ्या पूलला हा पर्याय मला आवडतो, कारण ते थोडं ताणलं जातं. मात्र बाहेरून पाणी येणाऱ्या पूलमध्ये ते फुगतं, आणि धारदार वस्तूनं फाटतं. एफआरपीमध्ये, म्हणजे फायबरग्लासच्या अस्तरात, कारागिराचा हात चांगला नसेल तर थरांत फोड येतात. घरगुती छोट्या पूलपलीकडे मी तो सुचवत नाही.

कोटेशन चौरस फुटाच्या दरानं आलंय. बरोबर आहे का?

आधी क्षेत्रफळ स्वतः काढा. १० बाय ५ मीटरचा, सरासरी १.२ मीटर खोल पूल घेऊ. तळ ५० चौरस मीटर, भिंती ३० मीटर गुणिले १.२ म्हणजे ३६. एकूण ८६ चौरस मीटर, अंदाजे ९२५ चौरस फूट. पायऱ्या आणि उतार धरून थोडं वाढेल. टाइल मागवताना तूटफूट धरून ९२ ते ९५.

अडचण दरात नसते, दरात काय धरलंय यात असते. गंजक्या सळया आणि भेगा किती निघतील हे टाइल काढेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. म्हणून तोडकाम वेगळं, दुरुस्ती प्रत्यक्ष मोजमापावर, वॉटरप्रूफिंग वेगळं, टाइल वेगळी अशा ओळी मागा. राडारोडा कोण उचलणार आणि चाचणीचं पाणी कुणाच्या खर्चानं, हेही लिहून घ्या. वरच्या पूलमध्ये ६० हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजारी सहा टँकर, आणि चाचणी धरून दोनदा भरायचं. चाचणीचं पाणी बागेला द्या, त्यात अजून क्लोरीन नसतं.

सोसायटीत पैसे कुठल्या फंडातून?

आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला निधी) किमान ०.२५ टक्के या दरानं जमा व्हायला हवा. अस्तराचं काम दुरुस्ती निधीत बसतं. सिंकिंग फंडाला हात लावायचा असेल तर काम तेवढं मोठं हवं, आर्किटेक्टचा दाखला हवा आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. सभेत ‘पूल बुजवून बॅडमिंटन कोर्ट करा’ असं म्हणणारे एक काका असतातच. त्यांच्यासाठी खडूच्या फुल्यांचे फोटो नेऊन ठेवा.

किती दिवस लागतात?

वरच्या मापाच्या पूलला सहा ते आठ आठवडे. तीन आठवड्यांत देतो म्हणणारा काहीतरी गाळतोय, बहुधा क्युरिंग (सिमेंट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) किंवा चाचणी.

काम झाल्यावर लगेच पाणी भरायचं का?

एपॉक्सी ग्राउटला सात दिवस द्या. मग सावकाश भरा, दिवसाला साधारण पाऊण मीटर, त्याहून वेगानं नाही. रिकामा करतानाही तोच नियम. नव्या अस्तरावर एकदम टनावारी वजन आणि गार पाणी ओतलं की टाइलखाली ताण येतो. रात्रीत सहा टँकर ओतणारे मला भेटले आहेत, शनिवारी वाढदिवस होता म्हणे.

नवं ग्राउट पुन्हा झिजू नये म्हणून काय?

पाण्याची रासायनिक तब्येत सांभाळा. पीएच ७.२ ते ७.६, एकूण क्षारता ८० ते १२० पीपीएम, कॅल्शियम कठीणता २०० ते ४००. धरणाचं मऊ पाणी येत असेल तर त्याला कॅल्शियमची भूक असते आणि ते सिमेंटमधून कॅल्शियम ओढून घेतं. बोअरच्या जड पाण्यात उलटं, टाइलवर पांढरा खरखरीत थर चढतो. तो काढायला पूलवाला ॲसिड ओततो आणि थराबरोबर सिमेंटचं ग्राउटही खातो. टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या स्वतः आम्लधर्मी असतात, नुसत्या त्यांवर पूल चालवला तर पीएच हळूहळू खाली येतो. तळावर गोळी टाकून देणं तर बंदच करा. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, एका डब्यानं दोन्ही मोजूही नका. विषारी वायू तयार होतो.

पूल रिकामा आहे तोवर आणखी काय उरकून घ्यावं?

मुख्य ड्रेनची जाळी. जुन्या सपाट जाळ्यांवर केस किंवा अंग ओढलं जाऊन माणूस अडकू शकतो. अडकू न देणाऱ्या घुमटाकार जाळ्या लावा, आणि पंपाला एकाच ड्रेनमधून पाणी जात असेल तर दुसरा ड्रेन अंतर ठेवून जोडून घ्या. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचेच. आणि काम चालू असताना रिकाम्या पूलभोवती पक्का अडसर. भरलेल्या पूलइतकाच रिकामा पूलही धोक्याचा, खाली काँक्रीट असतं.

भाऊ टेक्ससमध्ये आहे. त्याच्या घरच्या पूलमध्ये टाइल नाहीच म्हणतो, ते कसं?

तिकडे बहुतेक घरगुती पूलना आतून पांढरं सिमेंट आणि संगमरवरी भुकटीचा गिलावा असतो, किंवा त्यात बारीक गोटे. टाइलचा पट्टा फक्त पाण्याच्या रेषेला. हा गिलावा घासून पुन्हा करणं हे तिथलं नेहमीचं काम. त्याला एवढं सांगा: नव्या गिलाव्यावर पाणी भरायला लागलं की काठोकाठ होईपर्यंत थांबवायचं नाही, नाहीतर त्या पातळीला कायमची रेघ उमटते. नळीच्या तोंडाला कापड बांधायचं. पहिले दोन आठवडे रोज ब्रश मारायचा. मिठावर चालणारा क्लोरिनेटर असेल तर २८ दिवस मीठ टाकायचं नाही.

उरलेल्या टाइलचं काय करायचं?

एकाच बॅचच्या दोन पेट्या पंपरूममध्ये ठेवा, वर तारीख आणि ग्राउटचा शेड नंबर लिहून. सात वर्षांनी तोच निळा बाजारात मिळत नाही. आणि पेट्या आहेत हे पुढच्या कमिटीला सांगा. एका ठिकाणी त्या जिन्याखाली वॉचमनच्या कुंड्यांना टेकू म्हणून सापडल्या.